दारापासून गाभाऱ्यापर्यंत

वाटीभर वरण खाल्लं किंवा एखादं उकडलेलं अंडं खाल्लं, की शरीर त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतं. कामाचे तुकडे वापरले जातात. उरलेल्यांमधला नायट्रोजन मागे राहतो आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनिया हे मेंदूला विष. ते रक्तात साचू नये म्हणून यकृताच्या पेशींत अहोरात्र काम चालू असतं. विकरांची एक साखळी अमोनियाला पकडते, हातोहात पुढे सरकवते आणि शेवटी त्याचा निरुपद्रवी युरिया करून टाकते. युरिया लघवीवाटे निघून जातो. या साखळीतलं पहिलं विकर सीपीएस-१ आणि दुसरं ओटीसी. यांपैकी एकाचं जरी जनुक बिघडलेलं असलं, तरी नुकतंच जन्मलेलं, दिसायला अगदी धडधाकट बाळ दोन-तीन दिवसांत सुस्तावतं, अंगावर प्यायचं सोडतं आणि बेशुद्ध होतं. आईच्या दुधातली प्रथिनंच त्याला बाधतात.

या प्रकरणात दोन मुलांची हकिकत आहे. एकाला ओटीसीचा विकार होता, दुसऱ्याला सीपीएस-१चा. दोघांवरचे उपचार एकाच शहरात झाले, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, आणि दोन्हींच्या मध्ये पंचवीस वर्षं गेली. पहिला मुलगा उपचारातच दगावला. दुसरा घरी गेला. कोणत्या जनुकात बिघाड आहे, हे दोन्ही वेळा डॉक्टरांना नेमकं ठाऊक होतं. मग फरक कशाने पडला? दुसऱ्या वेळी हातात अवजारं अधिक चांगली होती, हे खरंच. पण माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक पडला तो औषध कशात घालून यकृतापर्यंत नेलं, यामुळे. जनुकोपचाराच्या बातम्यांत जनुकाचं कौतुक होतं आणि वाहनाचा उल्लेखही नसतो. म्हणून इथे वाहनाचीच गोष्ट सांगायची आहे.

पहिला मुलगा जेसी गेल्सिंगर. ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात राहणारा, वय अठरा. त्याचा आजार सौम्य होता, कारण त्याच्या काही पेशींमध्ये ओटीसीचं जनुक शाबूत होतं. मोजूनमापून प्रथिनं खायची आणि दिवसाला ३२ गोळ्या घ्यायच्या, या पथ्यावर तो दिवस काढत होता. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या चाचणीने तो बरा होणार नव्हता आणि हे त्याला माहीत होतं. हा आजार तीव्र स्वरूपात घेऊन जन्मणाऱ्या बाळांसाठी औषधाची किती मात्रा सोसवते, एवढंच त्या चाचणीतून पाहायचं होतं. तरीही तो आपणहून गेला.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच्या यकृताकडे जाणाऱ्या धमनीत ॲडेनोव्हायरसचे सुमारे ३८ लाख कोटी कण सोडण्यात आले. ॲडेनोव्हायरस हा सर्दी-खोकला करणाऱ्या विषाणूंपैकी एक. त्याची स्वतःची संख्या वाढवण्याची जनुकं काढून टाकून त्या जागी ओटीसीचं निरोगी जनुक बसवलेलं होतं. त्याच रात्री जेसीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे पिवळे दिसले. मग रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडली, फुप्फुसं, मूत्रपिंडं, एकेक अवयव बंद पडत गेला. १७ सप्टेंबरला तो गेला.

नंतरच्या चौकशीत ज्या गोष्टी बाहेर आल्या त्या वाचताना आजही त्रास होतो. औषध देण्याच्या वेळी त्याच्या रक्तातला अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. आधीच्या रुग्णांना झालेला त्रास नियामकांना वेळेवर कळवलेला नव्हता. अशाच विषाणूची मोठी मात्रा दिलेली माकडं मेली होती आणि संमतिपत्रात ती गोष्ट नव्हती. या चुका माणसांच्या होत्या आणि त्या चुकाच म्हटल्या पाहिजेत. पण शरीरात जे घडलं त्याला आणखी एक कारण होतं. जेसीच्या प्रतिकारयंत्रणेने आतलं जनुक पाहिलंच नाही. तिने बाहेरचं कवच ओळखलं. यकृतातल्या पहारेकरी पेशींनी ते कण गिळले आणि साऱ्या शरीरभर धोक्याची आरोळी ठोकली. त्या आरोळीचा जो वणवा झाला, त्यात तो मुलगा गेला.

मग विषाणूच कशाला घ्यायचा? नुसतं जनुक का टोचत नाहीत?

पेशी म्हणजे एखादं जुनं देऊळ समजा. त्याला महाद्वार आहे, सभामंडप आहे आणि आत गाभारा आहे. महाद्वार म्हणजे पेशीचं आवरण. तेलकट रेणूंचा तो दुपदरी पडदा केसाच्या जाडीच्या दहा हजारांश भागाइतकाही जाड नाही, पण डीएनएसारख्या मोठ्या, पाण्यात रमणाऱ्या रेणूला तो ओलांडता येत नाही. शिवाय डीएनए आणि आरएनए दोन्हींवर ऋण विद्युतभार असतो, पेशीच्या बाहेरच्या बाजूवरही ऋणच. दोघं एकमेकांना दूर लोटतात. सभामंडप म्हणजे पेशीद्रव, तिथे प्रथिनं घडतात. आणि गाभारा म्हणजे केंद्रक, जिथे आपला डीएनए जपून ठेवलेला असतो. डीएनए न्यायचा तर थेट गाभाऱ्यात जावं लागतं. आरएनएचं सभामंडपातच भागतं. हा भेद लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पण महाद्वारापर्यंत पोहोचणं हेच मुळात अवघड. रक्तात डीएनए आणि आरएनए कुरतडून टाकणारी विकरं सतत फिरत असतात. आरएनए तर इतका नाजूक की त्याला तोडणारी विकरं आपल्या बोटांच्या टोकांवरही असतात. आरएनएवर काम चालणाऱ्या प्रयोगशाळेत टेबलाचा एक कोपरा वेगळा राखलेला दिसतो. तिथल्या पिपेट वेगळ्या, पाणी वेगळं, नळ्यांचे डबे वेगळे. हातमोजे चढवल्यावर चुकून दाराच्या कडीला किंवा चष्म्याला हात लागला, तर मोजे उतरवून नवे घालतात. आजीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात वावरताना जसं अंग चोरून वावरावं लागायचं, तसंच. इतक्या जपणुकीची गोष्ट उघडी रक्तात सोडली, तर काही मिनिटांतच तिचा चुरा होतो.

विषाणूंनी हा प्रश्न कोट्यवधी वर्षांपूर्वी सोडवलेला आहे. परक्या पेशीत स्वतःची जनुकं घुसवायची, एवढाच त्यांचा उद्योग. म्हणून वैज्ञानिकांनी त्यांच्याकडून वाहन उसनं घेतलं.

उसनवारीच्या या इतिहासात मला एक जागा फार आवडते. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात फ्रँक ग्रॅहम हा तरुण कॅनेडियन संशोधक ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. पेशींमध्ये डीएनए घुसवण्याची एक साधी युक्ती त्या दोघांनी शोधली. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की पाण्यात बारीक पांढरा साका धरतो. आपली हाडं ज्या पदार्थाची, त्याच जातीचा तो पदार्थ. साका धरताना पाण्यात डीएनए असेल तर तो त्यात अडकतो, कण पेशींवर बसतात आणि पेशी ते गिळतात. या युक्तीने ग्रॅहमने मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत ॲडेनोव्हायरसच्या डीएनएचा तुकडा घातला आणि त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. तो त्याच्या वहीतला २९३वा प्रयोग होता. त्या पेशींना जगभर ‘हेक-२९३’ म्हणतात. जनुकोपचारासाठी लागणारे विषाणूकण आजही मोठ्या प्रमाणावर याच पेशींच्या वंशजांमध्ये पिकवले जातात. वहीतल्या एका अनुक्रमांकाचं असं नाव झालं.

जेसीच्या मृत्यूनंतर अमेरिकेत जनुकोपचारावर मळभ आलं. त्या चाचणीचे एक प्रमुख जेम्स विल्सन यांच्यावर निर्बंध आले. त्यांच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या एका विषाणूकडे मोर्चा वळवला. त्याचं नाव ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, थोडक्यात एएव्ही. तो सापडला होता १९६५ साली, पिट्सबर्गमध्ये, ॲडेनोव्हायरसच्या नमुन्यात मिसळलेली घाण म्हणून. एकट्या त्याने माणसाला रोग होत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ॲडेनोव्हायरससारख्या दुसऱ्या विषाणूची मदत असल्याशिवाय तो वाढूही शकत नाही. साठ प्रथिनांची एक वीसतोंडी डबी, रुंदी जेमतेम २५ नॅनोमीटर. विल्सन आणि गुआंगपिंग गाओ यांच्या गटाने माकडांच्या आणि माणसांच्या ऊतींमधून या विषाणूचे नवनवे प्रकार शोधून काढले. त्यातला नववा, एएव्ही-९, रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरू शकतो असं पुढे दिसलं.

हे वाहन पहिल्यांदा नीट धावलं ते डोळ्यात. आरपीई-६५ नावाचं जनुक बिघडलं की दृष्टिपटलावरच्या पेशींना प्रकाशाची नोंद घेण्यासाठी लागणारं रसायन मिळत नाही आणि मूल हळूहळू अंध होतं. ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांनाही हाच आजार होतो. २००० साली अशा जन्मांध कुत्र्यांच्या डोळ्यांत एएव्हीमधून ते जनुक घातलं गेलं आणि ते पाहू लागले. त्यांच्यातला लॅन्सलॉट नावाचा कुत्रा इतका प्रसिद्ध झाला की त्याला अमेरिकी संसदेत नेऊन खासदारांना दाखवलं. पुढे जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्याने फिलाडेल्फियातच माणसांवर हे उपचार केले. २०१७च्या डिसेंबरमध्ये औषधाला मान्यता मिळाली. एका डोळ्याला ०.३ मिलिलिटर पुरतं, म्हणजे साधारण सहा थेंब. केसाएवढ्या सुईने दृष्टिपटल अलगद उचलून त्याच्या मागे हे द्रव सोडतात आणि तिथे क्षणभर एक फुगवटा दिसतो. डोळा लहान, बंदिस्त, आणि प्रतिकारयंत्रणेची नजर तिथे जरा मऊ. म्हणून तिथे कमी कणांत भागलं.

सगळं शरीर गाठायचं असतं तेव्हा हिशोब फिरतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजारात मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. तीव्र प्रकारातली बहुतेक बाळं उपचारांविना दोन वर्षांच्या आत दगावतात किंवा कायमची श्वासयंत्रावर जातात. त्यावर २०१९ साली मान्य झालेलं झोलजेन्स्मा हे औषध एएव्ही-९मधून दिलं जातं आणि मात्रा आहे दर किलो वजनामागे ११० लाख कोटी कण. पाच किलोच्या बाळाला जेसीच्या मात्रेच्या चौदापट! तरीही बहुतेक बाळं ती सोसतात, कारण या डबीला शरीर ॲडेनोव्हायरसइतकं बिचकत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे नाव आठवत असेल. २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकवर्गणीतून १६ कोटी रुपये उभे राहिले होते. दहा रुपयांपासून पुढे ज्याला जे जमेल ते लोकांनी दिलं आणि केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला. एका इंजेक्शनला १६ कोटी का, असं तेव्हा घराघरांत विचारलं जात होतं. किमतीत कंपनीचा नफा आणि बाजाराचं गणित आहेच. पण त्यात त्या लाखो कोटी डब्यांचाही वाटा आहे. त्या जिवंत पेशींमध्ये पिकवाव्या लागतात, मग पेशी फोडून वेगळ्या काढाव्या लागतात. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या निघतात, आत जनुकच नसतं. त्या निवडून बाजूला काढायच्या.

एएव्हीच्या आणखी दोन अडचणी आहेत. पहिली जागेची. त्यात जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. ड्युशेन स्नायुदौर्बल्यात बिघडणाऱ्या डिस्ट्रोफिन जनुकाचा संदेश सुमारे ११,००० अक्षरांचा आहे. तो काटछाट करून, अर्ध्याहून लहान करून कोंबावा लागतो. दुसरी अडचण अधिक वाईट. एकदा हा विषाणू दिला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच डबी पुन्हा देता येत नाही. अनेकांना तर निसर्गातच त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यांच्या दारावर पहिल्याच वेळी मज्जाव होतो. बाळ वाढतं, यकृत वाढतं, नव्या पेशींमध्ये ते जनुक नसतं आणि दुसरी संधी मात्र मिळत नाही.

एक वेगळा मार्गही निघाला. औषध पेशीपर्यंत नेण्याऐवजी पेशीलाच बाहेर आणायचं. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत निवांतपणे त्यांच्यात जनुक घालायचं आणि त्या परत सोडायच्या. इथे वाहन असतं लेन्टिव्हायरस, म्हणजे निर्विष केलेला एचआयव्हीच. तो आपलं जनुक पेशीच्या डीएनएतच टाचून ठेवतो, त्यामुळे पेशी दुभागली तरी ते टिकतं. यातही धोका असतो. पॅरिसमध्ये याच्या नात्यातल्या एका जुन्या विषाणूने चुकीच्या जागी टाचणी मारल्यामुळे काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यानंतर वाहनाची रचना बदलली. कार-टी नावाच्या या उपचाराने २०१२ मध्ये, पुन्हा फिलाडेल्फियातच, रक्ताच्या कर्करोगाने शेवटाला आलेली सहा वर्षांची मुलगी वाचली. आणि आपल्याकडे पवईच्या आयआयटीतल्या जैवअभियांत्रिकी विभागात राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर हाच उपचार भारतात घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ला मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींचा उपचार इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. किंमत उतरण्याचं एक मोठं कारण असं की लेन्टिव्हायरस बाहेरून विकत न आणता तो इथेच तयार केला गेला. वाहन बनवता आलं म्हणून औषध परवडण्याच्या दिशेला सरकलं. चाळीस लाख ही रक्कमही आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारी नाही, हे खरंच आहे.

पण यकृत काही बाहेर काढून प्रयोगशाळेत ठेवता येत नाही. जेसीच्या आजाराला आतच जाणारं वाहन हवं होतं, आणि ते शेवटी विषाणूंकडून आलं नाही. ते आलं चरबीतून.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पीटर कलिस हे वैज्ञानिक अनेक वर्षं लिपिडांचा, म्हणजे तेलकट रेणूंचा अभ्यास करत होते. कल्पना सोपी होती: आरएनएवर ऋण भार आहे, तर त्याला धन भाराच्या लिपिडात गुंडाळा. १९८७ साली फिलिप फेल्गनर यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर, डीएनएच्या बाबतीत, हे करूनही दाखवलं होतं. पण कायम धन भार बाळगणारी चरबी रक्तात सोडली की दिसेल त्याला चिकटते आणि पेशींना घातक ठरते. हवा होता असा रेणू, जो गरज असेल तेव्हाच धन होईल.

पांढऱ्या कापडावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हळद आणि चुना यांचं कुंकूही असंच होतं. भोवतालच्या आम्ल-अल्कतेनुसार रेणू आपलं रूप बदलतो. कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली लिपिडंही याच स्वभावाची आहेत, फक्त रंगाऐवजी त्यांचा विद्युतभार बदलतो. आम्लात ती धन होतात, रक्तात उदासीन असतात.

कण बनवण्याची कृती बघण्यासारखी आहे. एका नळीतून येतं अल्कोहोल. त्यात चार तऱ्हेची लिपिडं विरघळलेली, त्यांतलं एक साधं कोलेस्टेरॉल. दुसऱ्या नळीतून येतं आंबट पाणी, त्यात आरएनए. दोन्ही धारा एका चिंचोळ्या जागी वेगाने एकमेकींवर आदळतात. पाणी लागताच लिपिडं आक्रसतात, आम्लामुळे धन होतात, आरएनएला मिठी मारतात आणि क्षणाच्या एका अंशात ८० ते १०० नॅनोमीटरचे गोळे, म्हणजे मेदकण, तयार होतात. मग अल्कोहोल काढून टाकायचं, आंबटपणा घालवायचा, की बाहेरचा भार मावळतो. धारा हळू सोडल्या तर गोळे मोठे आणि ओबडधोबड होतात. म्हणूनच करोनाच्या लशी बनवणाऱ्या प्रचंड कारखान्यातही हे मिश्रण नाण्याएवढ्या यंत्रात केलं गेलं. उत्पादन वाढवण्यासाठी मोठं पातेलं चालत नाही, अशी छोटी यंत्रं शेजारीशेजारी लावत जावी लागतात.

हा कण रक्तात गेल्यावर जे घडतं, त्याचा शोध प्रथिनांच्या अभ्यासातून लागला. परकी वस्तू रक्तात शिरली की काही मिनिटांत तिच्यावर रक्तातल्या प्रथिनांचं पांघरूण चढतं. हे पांघरूण सोलून, त्यातल्या शेकडो प्रथिनांची वजनं वस्तुमान-वर्णपटमापकावर मोजून कोण कोण चिकटलं याची यादी करता येते. या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात. मेदकणांवर बसणाऱ्या प्रथिनांत एक महत्त्वाचं निघालं: ॲपो-ई. एरवी ते रक्तातली चरबी यकृताकडे पोहोचवतं. यकृताच्या पेशींना वाटतं, नेहमीचीच चरबी आली, आणि त्या दार उघडतात. खात्री करण्यासाठी संशोधकांनी ॲपो-ई नसलेल्या उंदरांना हे कण दिले; औषध निष्प्रभ ठरलं. तेच कण आधी ॲपो-ईमध्ये मिसळून दिले, तेव्हा ते पुन्हा लागू पडलं. पाकिटावर पत्ता आपण लिहिलाच नव्हता, तो रक्ताने लिहिला! त्यात यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांना साधारण १०० नॅनोमीटरची भोकं असतात, खिडक्यांसारखी. कण त्यातून नेमका आत जातो.

पेशीने कण गिळला म्हणजे काम झालं असं नाही. गिळलेला माल एका पिशवीत बंद होतो आणि ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते, कारण शेवटी तिच्यातलं सगळं पचवायचं असतं. इथे हळदीचा स्वभाव कामाला येतो. आम्ल लागताच लिपिड पुन्हा धन होतं, पिशवीच्या भिंतीतल्या ऋण लिपिडांना भिडतं, भिंत फाटते आणि आरएनए सभामंडपात सांडतो. सुटका होण्याचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के. बाकीचा सगळा आरएनए त्या पिशवीतच विरघळतो. एवढी उधळपट्टी होऊनही औषध लागू पडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

२०१८ साली या कणांतून दिलेलं पहिलं आरएनए औषध, पॅटिसिरान, मान्य झालं. आरएनएला शरीर शत्रू समजणार नाही असा बदल त्याच्या अक्षरांत कसा करायचा, हे कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलेलं होतं, तेही पेनसिल्वेनिया विद्यापीठातच. पुढे करोना आला आणि हेच मेदकण कोट्यवधी दंडांत टोचले गेले. त्या लशींपैकी एकीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावं लागायचं, कारण कण आणि आरएनए दोन्ही नाजूक. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने वेगळ्या बांधणीची मेदकण लस काढली, वाळवून भुकटी केलेली, साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकणारी. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. भारताच्या खेड्यापाड्यातलं आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर ठेवून वाहनाचा असा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा मुलगा. ऑगस्ट २०२४ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेला केजे. जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं की त्याला सीपीएस-१चा तीव्र विकार आहे. अशी बाळं सुमारे तेरा लाखांत एक. त्याच्या जनुकात एक अक्षर असं बदललेलं होतं की वाक्याच्या मधेच पूर्णविराम पडला होता आणि विकर अर्धवटच तयार होत होतं. यकृत बदलणं हा उपाय, पण त्यासाठी बाळ मोठं आणि स्थिर व्हावं लागतं. तोवर अमोनियाचा एकेक झटका मेंदू पोखरणार. किरण मुसुनुरू आणि रिबेका अहरेन्स-निकलस यांच्या गटाने ठरवलं की जनुक नवं नेण्यापेक्षा आहे त्याच जनुकातलं चुकलेलं अक्षर बदलायचं. त्यासाठीचं अक्षर बदलणारं अवजार, बेस एडिटर, डेव्हिड लियू यांच्या प्रयोगशाळेत आधीच घडलेलं होतं. केजेच्या त्या एका चुकीसाठी ते जुळवून, उंदरांत आणि माकडांत तपासून, सहा महिन्यांत औषध तयार झालं. जगात फक्त त्याच्यासाठी.

वाहन होतं मेदकण, आणि तो बनवला व्हँकुव्हरच्या ॲक्विटास कंपनीने, जिच्या संस्थापकांत पीटर कलिस आहेत. कणात दोन आरएनए होते: एक अवजार बनवण्याची कृती सांगणारा, दुसरा नेमक्या ओळीवर बोट ठेवणारा. दोघांनाही सभामंडपापर्यंतच पोहोचायचं होतं. तिथे पेशीने स्वतःच्या हाताने अवजार घडवलं, ते वाटाड्या आरएनएला घेऊन गाभाऱ्यात गेलं आणि अक्षर बदलून आलं. काही दिवसांत दोन्ही आरएनए विरघळून गेले, अवजार नाहीसं झालं. दुरुस्ती तेवढी राहिली.

पहिली मात्रा फेब्रुवारी २०२५ मध्ये दिली, मुद्दाम अगदी कमी. जेसीला दुसरी संधी नव्हती. एएव्ही वापरला असता तर केजेलाही ती नसती, पहिल्याच वेळी सगळं पणाला लावावं लागलं असतं. मेदकणावर विषाणूचं कवच नाही, त्यामुळे तो पुन्हा देता येतो. डॉक्टरांनी थोडं देऊन वाट पाहिली, रक्त तपासलं, मार्चमध्ये जास्त दिलं, एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. मला या साऱ्या उपचारात सगळ्यांत मोलाची वाटते ती ही सबुरी, आणि ती वाहनामुळे शक्य झाली.

सगळ्याच अवयवांना हे भाग्य लाभलेलं नाही. सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक १९८९ साली सापडलं. तीस-पस्तीस वर्षं प्रयत्न चालू आहेत, पण फुप्फुसातल्या चिकट श्लेष्माच्या थराखाली जनुक पुरेसं पोहोचत नाही. तिथे ॲपो-ईसारखा कुणी फुकटचा पत्ता लिहून देत नाही. मेदकणात पाचवं एखादं लिपिड घातलं तर उंदरांमध्ये तो प्लीहेकडे किंवा फुप्फुसांकडे वळतो, असं टेक्सासमधल्या डॅनियल सीगवार्ट यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं आहे. मेंदू, हृदय, स्नायू यांच्यासाठीही शोध चालू आहे.

केजेच्या पेशींपैकी किती दुरुस्त झाल्या हे नेमकं मोजता आलेलं नाही, कारण त्यासाठी एवढ्याशा बाळाच्या यकृताचा तुकडा काढावा लागला असता आणि ते कुणालाच नको होतं. डॉक्टर दुसरंच काहीतरी मोजत होते. त्याच्या बाटलीत प्रथिनं किती घालता येतात, ते. पहिल्या मात्रेनंतर ती थोडी वाढवता आली. पुढे अमोनियावरचं एक औषध निम्म्यावर आणता आलं. मधे त्याला सर्दी झाली. एरवी अशा बाळाला सर्दी झाली की शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडू लागतं आणि अमोनिया झपाट्याने चढतो. या वेळी तो चढला नाही. जून २०२५ मध्ये, जन्मल्यापासून तीनशेहून जास्त दिवस रुग्णालयात काढल्यावर, केजे पहिल्यांदा आपल्या घरी गेला. औषधं अजून चालू होती आणि बाटलीतलं दूध अजून मोजूनच द्यायचं होतं, फक्त ते माप आता आधीपेक्षा मोठं होतं.